हात दुखायचा म्हणून

माझ्या मुलीने एकाच वर्षात नोकरी सोडली, संसारही मोडला, आणि सतरा खोकी घेऊन ती माझ्या दोन खोल्यांत राहायला आली, त्या वर्षाची ही गोष्ट. खोक्यांमुळे मला माझ्याच घरात तिरकं चालावं लागे. क्लॅरिनेट घेऊन बसलो की उजवं कोपर तिच्या भांड्यांच्या खोक्याला लागे आणि आत कपबशा किणकिणत. मी सत्त्याहत्तर वर्षांचा होतो. माझी धाकटी बहीण एकाहत्तरची. तिच्या मूत्रपिंडांनी काम कमी केलं होतं, म्हणून दर सोमवारी सकाळी मी तिला रक्त तपासायला नेत असे. तिला आम्ही मास्तरीण म्हणायचो, कारण लहानपणी शाळेतून आली की ती भांडी ओळीने मांडून त्यांना शिकवायची. आयुष्यभर तिने पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनी केली, शिकवलं कोणालाच नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

त्या सोमवारी रक्त घेणारी मुलगी नवीन होती. तिने मास्तरणीच्या दंडाला रबराची पट्टी आवळली, शीर शोधता शोधता माझ्याकडे दोनदा बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही ते नाटकवाले ना? क्लॅरिनेटवाले? अहो, माझ्या आईला तुमचं ते वाक्य तोंडपाठ आहे. आम्ही घरात पाऊल टाकलं की म्हणते, 'बूट बाहेर काढ. आत्ताच फरशी पुसलीय.' तुमचंच ना ते?" मी म्हणालो, "हो." मास्तरीण बाही वर सरकवून बसली होती, हात टेबलावर उताणा. ती म्हणाली, "त्याचंच. घरात फरशी तोच तर पुसायचा." मुलगी खळखळून हसली आणि हसता हसताच तिने सुई टोचली. नळीत रक्त चढत गेलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो. त्या प्रश्नाला मी पंचेचाळीस वर्षं हो म्हणत आलो होतो. सभांत, मुलाखतींत, रस्त्यात हात धरून थांबवणाऱ्या माणसांना. पण मास्तरीण समोर हात पसरून बसलेली असताना कधी म्हणालो नव्हतो. आणि म्हणायला मला अर्धा श्वासही लागला नाही. क्लॅरिनेटचा साधा स्वर काढायलासुद्धा त्याहून जास्त तयारी लागते.

बाहेर लाकडी पट्ट्यांच्या बाकावर ती कोपराच्या खळीत कापूस दाबून बसली आणि मी तिच्या शेजारी. पाच मिनिटं दाबून धरायचा असा नियम. ती घड्याळाकडे बघून पाच मिनिटं मोजते, चार नाही, सहा नाही. मला मात्र त्या पाच मिनिटांत आतून खाजल्यासारखं होत होतं. आपण चोर आहोत असं वाटलं नाही. चोराला निदान माहीत असतं की आपण काय उचललं. मला तेही धड माहीत नव्हतं.

आम्हा दोघांपैकी एकालाच शाळेत घालता येणार होतं. तिला घातलं. ती हुशार होती म्हणून नव्हे. तिचे हात कामाला फार लहान होते म्हणून. माझे नव्हते. नवव्या वर्षी वडिलांनी मला वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात बसवलं. चाव्यांखालच्या गाद्या बदलायच्या, सांध्यांचा बूच तासायचा, पितळ घासायचं. सरसाचा वास आजही माझ्या बोटांत असल्यासारखा वाटतो. दुरुस्त केलेलं वाद्य नीट वाजतं का ते बघायला फुंकावं लागे, आणि फुंकता फुंकता मी क्लॅरिनेट शिकलो. अक्षर शिकलो नाही. सुरांची लिपीही नाही. विसाव्या वर्षी नाटक कंपनीच्या वाद्यवृंदात लागलो तेव्हा समोरच्या कागदाकडे बघत राहायचो आणि शेजारचा व्हायोलिनवाला एकदा वाजवून दाखवायचा तेवढं कानात धरायचो. कोणी काही वाचायला दिलं की माझं उत्तर ठरलेलं, चष्मा विसरलो. तेव्हा मला चष्मा लागतही नव्हता. पण एक विकत घेऊन ठेवला होता, साध्या काचांचा, विसरण्यासाठी.

वादक रंगमंचाच्या पुढच्या खड्ड्यात बसत. माझी जागा अशी होती की रंगमंच पाठीशी. बारा वर्षं मी नाटकं पाठीने ऐकली. नटांचे चेहरे मला माहीत नव्हते, त्यांचे श्वास माहीत होते. कोण वाक्याच्या आधी गिळतं, कोणाचा बूट करकरतो, प्रेक्षक नक्की कुठल्या शब्दाला खुर्चीत हलतात. असं ऐकता ऐकता माझ्या डोक्यात एक नाटक तयार झालं. पूर्ण. सुरांसकट. बत्तिसाव्या वर्षी मी ते घेऊन मास्तरणीकडे गेलो आणि म्हणालो, "मी बोलतो, तू लिही." ती म्हणाली, "किती वेळ?" मी म्हणालो, "जितके रविवार लागतील तितके."

चोवीस रविवार लागले. तिची खोली खिडकीपासून मोरीपर्यंत सहा पावलं. मी येरझाऱ्या घालत सगळ्यांचं बोलायचो, नवऱ्याचं, बायकोचं, शेजाऱ्याचं, आणि मध्ये तोंडानेच क्लॅरिनेट वाजवून दाखवायचो. ती खाटेवर मांडी घालून, गुडघ्यावर पाट घेऊन लिहायची. कागद म्हणजे कचेरीतले नळजोडणीचे रद्द झालेले अर्ज, त्यांची कोरी बाजू. मोरीपाशी पोचलो की ती म्हणायची, "थांब, हात पोचू दे." आणि बारा वाजता, चूल पेटवण्याआधी, ती सगळं मला वाचून दाखवायची. मी डोळे मिटून ऐकायचो. एक शब्द इकडचा तिकडे झालेला नसायचा. मला माझ्याच बोलण्याचं कौतुक वाटायचं. हा कौतुकाचा भाग मी पुढे फार वेळा आठवला.

नाटकातला नवरा बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला असतो आणि एक दिवस दारात येऊन उभा राहतो. बायको दार उघडते. इथे मी तिला चार मिनिटांचं बोलणं दिलं होतं. बारा वर्षं या दाराच्या फटीतून मी उजेड मोजला, असं ते सुरू व्हायचं, आणि त्यात काळीज होतं, राख होती, विझलेला दिवा होता, काय नव्हतं! शेवटचा शब्द होता उंबरठा. त्या शब्दावर माझी क्लॅरिनेट सुरू होणार होती, अगदी खालच्या सुरातून. तालमी कंपनीच्या मॅनेजरने घेतल्या. तालमी दुपारच्या, आणि दुपारी मी एका हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी वाजवायचो, म्हणून मी एकाही तालमीला नव्हतो. रंगीत तालमीच्या दिवशी दिवे बंद पडले आणि ती झालीच नाही. पहिल्या प्रयोगाला मी खड्ड्यात बसलो, पाठीशी माझं नाटक. दार वाजलं. मी क्लॅरिनेटची रीड ओली करून तोंडाला लावली. बायकोचा श्वास ऐकू आला. आणि मग ती म्हणाली, "बूट बाहेर काढ. आत्ताच फरशी पुसलीय."

मागच्या रांगांत कोणीतरी हसलं. मग ते हसू मध्येच थांबलं. पाठीमागे नवरा खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडत असल्याचा आवाज येत होता. गाठ बसली होती बहुतेक, त्याला वेळ लागत होता. मी उंबरठा या शब्दाची वाट बघत होतो. व्हायोलिनवाल्याने मला पायाने ढोसलं. मी मान हलवली, अजून नाही. सबंध नाट्यगृहात माणूस नसल्यासारखं झालं. पहिला बूट निघाला, ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग अंधार झाला आणि लोकांनी ज्या टाळ्या वाजवायला सुरुवात केली त्या मला तोंडावर पाऊस पडल्यासारख्या लागल्या. माझी क्लॅरिनेट तशीच तोंडात होती, न वाजलेली. चार दिवसांनी वर्तमानपत्रात आलं ते मास्तरणीने मला वाचून दाखवलं: संगीतकार स्वतःच नाटककार असल्यामुळे कुठे वाजवायचं नाही हे त्याला कळतं, दारातल्या प्रसंगाची शांतता हे या नाटकाचं सर्वोत्तम संगीत आहे. वाचताना तिचा आवाज वरही गेला नाही, खालीही नाही. तिने घडी करून कागद मला दिला आणि म्हणाली, "जपून ठेव."

म्हणजे बघा. माझं सर्वांत गाजलेलं वाक्य मी बोललो नव्हतो आणि माझं सर्वांत गाजलेलं संगीत म्हणजे माझं वाजवायचं राहून गेलं होतं ते.

त्या प्रयोगानंतर मी नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला गाठलं. त्याला आम्ही खांब म्हणायचो, कारण तो उभा राहिला की हलत नसे. खांब म्हणाला, "अहो, मला काय विचारता? मला तर बूट काढायचेत एवढंच सांगितलं." नायिका म्हणाली, "असंच आहे हो." मॅनेजरने तर कागदच माझ्या नाकापुढे धरला. "हे घ्या. तुमचंच बाड. कुठंय तुमचं चार मिनिटांचं? दाखवा बोट ठेवून." मी म्हणालो, "चष्मा विसरलो." तो म्हणाला, "मग डोळे तरी घेऊन येत जा." सगळे हसले. मीही हसलो. रविवारी मास्तरणीला विचारलं तर ती भाजी निवडत म्हणाली, "मॅनेजरने कापलं असेल. तो मेला कापणाराच." मी म्हणालो, "पण कागदात नाहीच म्हणतोय." ती म्हणाली, "नवीन प्रत काढली असेल." आणि मी तिथेच थांबलो. पुढचा प्रश्न विचारायचा तर कागद हातात घेऊन वाचता यायला हवा होता.

दुसरं नाटक मी कागदाशिवाय केलं. मॅनेजरही नको, बाडही नको. एका व्यायामशाळेचं तळघर मिळालं होतं, तिथे अकरा नटांना मी सगळी वाक्यं तोंडी शिकवली, सूर शिकवतात तशी. कोणाचा शब्द घसरला की मी क्लॅरिनेटवर त्या वाक्याचा चढउतार वाजवून दाखवायचो. सहा महिने. लोकांनी त्याला नवी पद्धत म्हटलं, दोन तरुण दिग्दर्शक वह्या घेऊन बघायला यायचे आणि मी जे अडाणीपणाने करत होतो त्याच्यावर टिपणं काढायचे. नाटकाचे चार प्रयोग झाले. माझा एकूण एक शब्द जसाच्या तसा बोलला गेला आणि लोक खोकले. मी खड्ड्यात बसून तो खोकला ऐकला. डावीकडून सुरू व्हायचा, मधल्या रांगा घ्यायचा, उजवीकडे जाऊन संपायचा, आणि माझं वाक्य अजून संपलेलं नसायचं. तिसऱ्या नाटकाला मी निमूट मास्तरणीच्या खोलीवर गेलो. खिडकीपासून मोरीपर्यंत. त्याचे दोनशेच्या वर प्रयोग झाले. चौथंही तिच्याकडेच. बारा वाजता ती वाचून दाखवायची ते माझं असायचं, आणि पाठीमागून ऐकू यायचं ते दुसरं असायचं, आखूड, कोरडं, मध्येच विनोदी. मी नटांवर ओरडायचो. नट म्हणायचे, लेखकाला स्वतःचं आठवत नाही, किती थोर. माझं दिलखुलास हसू त्या काळात फार नावाजलं गेलं. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी अक्षर शिकायला गेलो. कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ती तेव्हा होती. सायकलच्या दुकानावर एक खोली होती, तिथे निवृत्त पोस्टमन प्रौढांना शिकवायचे. आम्ही पाच जण: एक खानसामा, दोन पहारेकरी, कपडे धुणाऱ्या एक बाई आणि मी. बाई सर्वांत आधी वाचायला लागल्या. पहारेकरी एकमेकांच्या पाटीवर बघायचे. गुरुजी मला म्हणायचे, "तुम्ही अक्षर बघत नाही हो, ऐकता. बघा त्याच्याकडे. ते काही बोलणार नाही." मला वर्ष लागलं. त्या काळात माझी नाटकं दोन नाट्यगृहांत चालू होती, मी सत्कारांना उत्तरं देत होतो आणि दुपारी पाटीवर गिरवत होतो. जोडाक्षरं यायला लागल्यावर मी पहिल्या नाटकाचं मूळ बाड कंपनीच्या कपाटातून काढलं आणि रंगपटामागच्या संडासात कडी लावून वाचायला बसलो. रोज तास-दीड तास. चौदा दिवस. बाहेरून कोणीतरी दार ठोकायचं आणि विचारायचं, "बरं नाही का हो?" मी म्हणायचो, "आहे, आहे."

अर्जांच्या पाठी. तिचं अक्षर, गोल, कचेरीतलं, एकही खाडाखोड नाही. चार मिनिटांचं बोलणं नव्हतंच. ते कधी लिहिलंच गेलं नव्हतं. कापणाऱ्याला आधी काहीतरी लिहिलेलं लागतं. इथे पान स्वच्छ होतं. मी चालत होतो, बोलत होतो, हात हलवत होतो, काळीज, राख, दिवा, आणि ती खाटेवर बसून लिहीत होती, बूट बाहेर काढ. मग बारा वाजता तोच कागद डोळ्यांपुढे धरून तिने माझी चार मिनिटं मला म्हणून दाखवली होती. शब्द न् शब्द. पाठ. मला वाटायचं घरात पाठांतराचं डोकं माझ्याकडेच आलंय. मी संडासातल्या त्या भिंतीवर कपाळ टेकून बसलो. राग आला, पण तो फसवल्याचा नव्हता. राग असा होता की पान मी चारदा वाचलं आणि चारही वेळा मला तिचंच बरोबर वाटलं.

पुढच्या रविवारी मी तिला सांगितलं, "मी लिहायला शिकलो. आता मी स्वतःच लिहीन." तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, "वा! म्हणजे माझे रविवार सुटले." दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना तिने मला एक पेन आणून दिलं. त्या पेनने आणि पुढच्या पेनांनी मी सात नाटकं लिहिली. अक्षर नव्यानेच आलेलं, मला थांबताच येईना. एक शब्द लिहिला की दुसरा दिसायचा. पहिल्याला लोक माझ्या नावासाठी आले. दुसऱ्याला अर्धे आले. पाचवं मी स्वतः बसवलं, स्वतः वाजवलं, आणि मध्यंतरानंतर पहिल्या रांगेत कोणीच नाही हे खड्ड्यातून मला सरळ समोर दिसत होतं. सातवं कोणी केलंच नाही. मग मी परत नुसता वाजवत राहिलो. लोक माझी ओळख करून द्यायचे, संगीतकार, नाटककार, दिग्दर्शक, आणि तिन्ही शब्द ऐकताना मला वाटायचं की तीन खुर्च्या मांडल्यात आणि मी तिन्हींच्या मधल्या फटींत बसलोय. तेहेतीस वर्षं मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती किंवा नाही म्हणाली असती. दोन्हींचं काय करायचं ते मला ठरवता येत नव्हतं.

"झाली पाच मिनिटं," मास्तरीण म्हणाली आणि तिने कापूस टोपलीत टाकला. टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या घरी गेलो, मी चहा टाकला. ती अजून त्याच खोलीत राहायची, खाट बदललेली, मोरीवर आता फरशा. मी कप तिच्यापुढे ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "तू माझी वाक्यं बदलायचीस."

तिने चहात फुंकर घातली. "हो."

"का?"

"फार लांब असायची, दादा. हात दुखायचा."

मी बसलो. ती चहा प्यायली. म्हणाली, "साखर कमी आहे," आणि मग स्वतःच, "पण मला चालत नाही, बरोबर आहे."

हात दुखायचा. इतक्या वर्षांत मी मनाशी किती कारणं जुळवली होती. तिला लिहायचं होतं आणि कोणी लिहू दिलं नव्हतं. तिला माझा सूड घ्यायचा होता. तिला माझी लाज राखायची होती. यातलं कुठलंही असतं तरी मी ते सोसायला तयार होतो, त्याच्यावर एखादं नाटकही मनात घोळलं होतं. आणि ती म्हणते हात दुखायचा. खरं होतं की मला सोडून देण्यासाठी म्हणत होती, तिच्या तोंडावरून कळेना. सुराचा खोटेपणा मला रंगमंचाकडे पाठ करून ओळखता येतो. तिचा येत नाही.

नगर नाट्यगृहाच्या प्रकाशन समितीने त्याच वर्षी माझी दहा नाटकं एका पुस्तकात काढायचं ठरवलं होतं. तिची तीन, माझी सात. कागदाशिवायचं ते एक त्यात नव्हतं, ते कुठे उतरवलेलंच नव्हतं. चारशे बारा पानांची, छपाईआधी तपासायची मुद्रितं घरी येऊन पडली होती, खोक्यांच्या वर. मी सेक्रेटरीला फोन केला आणि सांगितलं, पुस्तकावर दोन नावं पाहिजेत. तो म्हणाला, "भगिनींची? त्या लेखनिक होत्या ना?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "काही हरकत नाही. त्यांची सही लागेल संमतिपत्रावर. महिनाअखेरपर्यंत द्या." फोन ठेवला तेव्हा मला कित्येक वर्षांनी छाती भरून श्वास आल्यासारखं वाटलं. मुलगी खोक्यावर बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, आत्याला विचारलंत का?" मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात? तिचा हक्क आहे." ती म्हणाली, "मलासुद्धा घरात सगळे असंच म्हणायचे. तुझा हक्क आहे, तुझा हक्क आहे. आणि विचारायचं कोणी नाही."

मास्तरणीने संमतिपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं. मग म्हणाली, "पुस्तक कुठंय?" मी म्हणालो, "आणतो. आधी सही कर." तर म्हणाली, "न वाचता सही करू नये. एकतीस वर्षं मी कचेरीच्या खिडकीवर लोकांना हेच सांगितलं. वाचते, मग करते." मला वाटलं दोन दिवसांचं काम. मी मुद्रितं नेऊन दिली आणि तिने पाट काढला, शिसपेन्सिल तासली आणि पान एकपासून सुरू केलं. दिवसाला दहा पानं, कधी सहा. रक्ताच्या दिवशी काहीच नाही. पहिल्या तीन नाटकांत तिने एक खूणही केली नाही. माझ्या हातच्या पहिल्या नाटकाला पोचली आणि पेन्सिल चालायला लागली. अख्ख्या परिच्छेदांवर बारीक, सरळ रेघ. कडेला काही लिहिलेलं नाही, बदल नाही, नुसती रेघ, आणि मग दोन ओळी सोडलेल्या. मी जायचो, पानं उचलून बघायचो, ती दोन ओळींची मोकळी बेटं वाचायचो. तेवढ्यात नाटक होतं. दिसत होतं की तेवढ्यात नाटक होतं. तीस वर्षांपूर्वी दिसलं असतं तर?

महिनाअखेर आली आणि गेली. सेक्रेटरीने आठ दिवस वाढवून दिले, मग आणखी आठ. मी तिच्याकडे जाऊन बसायचो आणि संमतिपत्र तिच्या पाटावर सरकवायचो. ती ते बाजूला करायची, पान उलटायची. शेवटी एका सकाळी माझा तोल गेला. मी म्हणालो, "अगं, सही कर ना! नंतर वाचत बस जन्मभर!" ती म्हणाली, "थांब." मी तिच्या हातातलं पान ओढलं. तीन पानांच्या प्रवेशातल्या चार ओळी शिल्लक होत्या. मी म्हणालो, "हे मी लिहिलंय. माझ्या हाताने. हे नाटक तुझं नाही."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला. "मग सही कशाला मागतोस?" ती म्हणाली.

मला तिचं नाव हवं होतं ते तिला द्यायला की माझ्यावरचं उतरवायला, हे तिने इतक्या साध्या आवाजात विचारलं होतं की मला चिडताही येईना, तरी मी चिडलो. पान परत पाटावर टाकलं आणि निघालो. जिन्यात ऐकू आलं, ती पानं ठोकून सारखी करत होती. नऊ दिवस मी गेलो नाही. त्या सोमवारी तिला रक्ताला माझ्या मुलीने नेलं. मुलगी परत येऊन म्हणाली, "आत्या विचारत होती, दादा कागद मागायला येत नाही ते बरं नाही का त्याला." मी म्हणालो, "सांग तिला, बरं आहे." हे बोलून मी क्लॅरिनेट काढली, जोडली, आणि न वाजवता पुन्हा पेटीत ठेवली.

दहाव्या दिवशी तिला इस्पितळात हलवलं. पानं तिने बरोबर नेली होती. नर्सने ती उशाशी ठेवू दिली नाहीत, म्हणून ती पायांकडे होती, पांघरुणाखाली. मी गेलो तेव्हा ती जागी होती. मी संमतिपत्राचं काही बोललो नाही. ती म्हणाली, "दोनशे बारावर आहे. अजून दोनशे आहेत." मी म्हणालो, "सावकाश वाच." ती म्हणाली, "सावकाशच वाचतेय. तूच घाई करतोस." मग म्हणाली, "तू लिहिलेल्या त्या पाचव्या नाटकात शेजारीण आहे ना, तिला जाऊ दे. ती कशाला आलीय कोण जाणे." मी म्हणालो, "बरं." पाचवं तर अजून लांब होतं. म्हणजे तिने ते केव्हाच वाचलं होतं, किंवा बघितलं होतं, मागच्या अंधारात रिकाम्या खुर्च्यांतल्या कुठल्यातरी एकीवर बसून. ती नाटकाला आली होती हे मला माहीत नव्हतं. खड्ड्यातून पहिल्या रांगेपलीकडचं काही दिसत नाही.

सहीवाचून नाव घालता येत नाही, असं सेक्रेटरीने कळवलं, आणि तो वाईट माणूस नव्हता, नियमच होता. दोनशे तेरापासून पुढे मी स्वतः पेन्सिल घेऊन बसलो. एकेक वाक्य वाचायचो आणि ते मला ऐकू यायचं, चढताना, उतरताना, आणि माझ्या हातून रेघ ओढली जाईना. शेजारीण तेवढी काढली. पुस्तक मार्चमध्ये आलं, माझ्या एकट्याच्या नावाचं, अर्ध्यापर्यंत आखूड आणि पुढे लांब. एका समीक्षकाने लिहिलं की उत्तरार्धात लेखकाचा संयम सुटला आहे. ते मी स्वतः वाचलं. माझी बहीण त्याआधीच, सात नोव्हेंबरला, मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता इस्पितळात वारली.